दोन सिलिंडरांच्या प्रेसमध्ये दाबावरून काढलेले बल फीडबॅक म्हणून वापरताना येणाऱ्या अडचणी

प्रश्न : भोसरीचा_प्रेसवाला

नमस्कार मंडळी.

भोसरी एमआयडीसीतील आमच्या लहान कारखान्यात एका जुन्या १६० टनी हायड्रॉलिक प्रेसचे नूतनीकरण चालू आहे. रॅमला (खालीवर होऊन दाब देणाऱ्या जड भागाला) डावीकडे एक आणि उजवीकडे एक असे दोन सिलिंडर आहेत. प्रत्येकाचा बोअर (आतला व्यास) २०० मिमी आणि रॉडचा (दांड्याचा) व्यास १६० मिमी आहे. पंप २५० बारला लावलेला आहे. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (संकेताच्या प्रमाणात उघडणारा), स्थानासाठी एसएसआय (डिजिटल) आउटपुट देणारी मॅग्नेटोस्ट्रिक्टिव्ह स्केल (स्थान मोजणारी पट्टी), आणि बोअर बाजूला एक व रॉड बाजूला एक असे ०–४०० बारचे, ४–२० मिलिअँपिअरचे दोन प्रेशर ट्रान्समीटर बसवले आहेत. सिलिंडरांच्या मध्यांतील अंतर १२०० मिमी आहे आणि रॅमचे वजन टूलिंगसह २.४ टन भरते.

प्रेसला लोडसेल (बल थेट मोजणारा सेन्सर) नाही. त्यामुळे मोशन कंट्रोलरला (रॅमची हालचाल व बल सांभाळणाऱ्या यंत्रणेला) जे बल हवे आहे ते कोणताही एक सेन्सर थेट देत नाही. चार दाबांवरून ते गणिताने काढावे लागते. सध्या पीएलसीच्या (यंत्र चालवणाऱ्या औद्योगिक संगणकाच्या) दर १० मिलिसेकंदांनी चालणाऱ्या टास्कमध्ये मी बोअरच्या दाबातून रॉडचा दाब वजा करतो, त्या फरकाला बोअरच्या क्षेत्रफळाने गुणतो, दोन्ही सिलिंडरांची बेरीज करतो आणि ती संख्या फील्डबसवरून (यंत्रणांना जोडणाऱ्या डेटा-जाळ्यावरून) मोशन कंट्रोलरकडे पाठवतो.

दोन गोष्टी बिघडत आहेत. पहिली म्हणजे आकडा जुळत नाही. एका ओळखीच्या कारखान्यातून लोडसेल आणून टेबलावर ठेवला आणि दाबताना दोन ठिकाणी नोंदी घेतल्या. बोअरला १३४ आणि रॉडला ६० बार असताना लोडसेलने ७३.५ टन दाखवले, तर माझ्या गणिताने ४७.४ टन. बोअरला २१० आणि रॉडला २० बार असताना लोडसेल १३१.५ आणि गणित १२१.७ टन. तफावत स्थिर असती तर ऑफसेट देऊन मोकळा झालो असतो. पण ती एकदा २६ टनांची आणि एकदा जेमतेम १० टनांची आहे. शिवाय रॅम हवेत स्थिर टांगलेला असतानाही पडद्यावर उणे ६.७ टन दिसतात.

दुसरी अडचण अशी की टूल कामाला टेकून बल-नियंत्रण सुरू झाले की बल सेकंदाला चार-पाच वेळा वरखाली होऊ लागते. गेन (नियंत्रकाच्या प्रतिसादाचा जोर) कमी केला की डोलणे थांबते, पण मग ठरलेल्या टनेजला पोहोचायला चार सेकंद लागतात आणि ग्राहकाला ते चालणार नाही.

असे गणिताने काढलेले बल लूपला (मोजून सतत दुरुस्ती करणाऱ्या नियंत्रण-चक्राला) फीडबॅक म्हणून देणे मुळात योग्य आहे का? योग्य असेल तर माझे कुठे चुकते आहे? पुढे जाऊन दोन्ही स्केलांच्या सरासरीवर रॅमचे स्थानही चालवायचे आहे, म्हणून त्याबद्दलही मत हवे आहे.

उत्तर : सातपूर_हायड्रॉलिक्स

योग्य आहे, आणि जगभर प्रेसवर हेच केले जाते. पण आपल्या सूत्रात एक जुनी, जवळजवळ प्रत्येकाने आयुष्यात एकदा केलेली चूक आहे. मीही केली आहे. दाबांची वजाबाकी आधी करायची नसते. प्रत्येक दाबाला त्याच्या स्वतःच्या क्षेत्रफळाने गुणून मग बलांची वजाबाकी करायची असते, कारण रॉड बाजूला तेलाला ढकलायला पूर्ण वर्तुळ मिळत नाही, फक्त रॉडभोवतीचे कडे मिळते.

आपल्या मापांप्रमाणे बोअरचे क्षेत्रफळ ०.०३१४२ चौरस मीटर आणि रॉड बाजूच्या कड्याचे ०.०११३१ चौरस मीटर आहे. म्हणजे एक जवळजवळ दुसऱ्याच्या पावणेतीनपट आहे. आपण रॉडच्या दाबालाही बोअरच्याच क्षेत्रफळाने गुणल्यामुळे तो दाब आहे त्यापेक्षा पावणेतीनपट जोराने रॅमला वर खेचतो आहे असे गणिताला वाटते. रॉडचा दाब ६० बार असताना ही चूक एका सिलिंडरमागे १२.३ टन, दोन्ही मिळून २४.६ टन होते. २० बार असताना दोन्ही मिळून ८.२ टन. बल वाढत जाते तसा आपल्या व्हॉल्व्हवर रॉड बाजूचा दाब उतरत जातो, म्हणून आपली तफावतही उतरते. तिचे चंचल असणे हाच खरा पुरावा आहे. ट्रान्समीटर बिघडला असता तर ती इतकी शिस्तीने बदलली नसती.

आता टांगलेल्या रॅमकडे पाहू. २.४ टनांचा रॅम दोन कड्यांवर तोलला जातो, तेव्हा रॉड बाजूला १०.४ बार दाब असायला हवा. आपल्या सूत्रात १०.४ बार घातले की बरोबर उणे ६.७ टन येतात, म्हणजे आपल्याला दिसणारा आकडा. योग्य सूत्रात तेच १०.४ बार घातले की उणे २.४ टन येतात. ही चूक नव्हे. सिलिंडर खरोखरच २.४ टनांनी वर खेचत आहेत. टूलखाली मात्र शून्य बल आहे. म्हणून टूलवरचे बल हवे असेल तर सिलिंडरांच्या निव्वळ बलात रॅमचे वजन मिळवावे लागते. टूलिंग बदलले की हे वजनही बदलते, ही बाब रेसिपीत (प्रत्येक कामाच्या जतन केलेल्या सेटिंगांत) घालायला विसरू नये.

आता दोन्ही नोंदी पुन्हा करून पाहा. पहिल्या नोंदीत सिलिंडरांचे निव्वळ बल ७२.० टन, वजनासह ७४.४ टन, लोडसेल ७३.५. दुसऱ्या नोंदीत १२९.९ आणि वजनासह १३२.३ टन, लोडसेल १३१.५. दोन्हीकडे पाऊण ते एक टन उरतो, तो सील आणि गाइड यांच्या घर्षणाचा आहे. रॅम खाली जात असताना हे घर्षण सिलिंडरांच्या बलातून खाल्ले जाते; रॅम किंचित मागे घेतला तर त्याची दिशा उलटते. ते सूत्रात घालण्याच्या भरीस पडू नका. रॅम जवळजवळ स्थिर असताना घर्षणाची दिशा ओळखणारे गणित क्षणात अधिक आणि क्षणात उणे होते आणि नवीच थरथर निर्माण करते.

अचूकतेबद्दल एक स्पष्ट सांगतो. ४०० बारच्या ट्रान्समीटरची चूक पूर्ण मापाच्या अर्धा टक्का धरली तर ती २ बार होते, आणि २ बार म्हणजे एका बोअरवर ६.३ किलोन्यूटन. दोन्ही ट्रान्समीटर एकाच दिशेने चुकले तर सुमारे १.३ टन. १६० टनांवर ही चूक एका टक्क्याच्या आत बसते; पण याच प्रेसवर कुणी २० टनांचे काम लावले तर ती सहा टक्क्यांच्या वर जाते. ग्राहकाशी करार करताना किमान किती टनांपर्यंतची अचूकता आपण लिहून देत आहोत, हे आधी ठरवून घ्यावे.

उत्तर : जुना_टूलरूमवाला

थोडे वेगळे मत मांडतो. एवढे गणित करण्यापेक्षा कायमचा लोडसेल का बसवू नये? जे मोजायचे तेच मोजावे, या मताचा मी आहे.

उत्तर : सातपूर_हायड्रॉलिक्स

मत रास्त आहे आणि जिथे जागा आहे तिथे मीही तेच सुचवतो. पण १६० टनांच्या लोडसेलची उंची प्रेसच्या मोकळ्या अंतरातून वजा होते, टूल मध्यापासून बाजूला बसले की त्याच्यावर तिरके बल येते, आणि टूल कामावर आदळण्याचा प्रत्येक धक्का त्याला सोसावा लागतो. प्रेशर ट्रान्समीटर त्या मानाने दूर, तेलाच्या मागे सुरक्षित असतात. आणलेला लोडसेल वर्षातून एकदा गणित तपासायला वापरावा, हा मध्यममार्ग मला बरा वाटतो.

उत्तर : नियंत्रण_कट्टा

सूत्राचा प्रश्न सुटला असे धरून डोलण्याकडे वळतो, कारण ते सूत्र दुरुस्त केल्याने थांबणार नाही.

टूल टेकल्यावर व्हॉल्व्ह जितका उघडतो तितके तेल आत जाते, आणि ते साठत गेल्याने दाब वाढतो. म्हणजे बल हे व्हॉल्व्हच्या उघडण्याचे साठलेले रूप आहे, आणि अशा साठवणुकीत ९० अंशांचे मागे पडणे अंगभूत असते. १८० अंश गाठले की लूप स्वतःच्याच मागे धावू लागतो. तेव्हा आपल्या हाती उरतात ९० अंश, आणि त्यातूनच व्हॉल्व्हचा उशीर, पीआय नियंत्रकातील इंटिग्रल (साठत गेलेल्या चुकीवर चालणारा) भाग आणि फीडबॅकचा शिळेपणा हे तिन्ही भागवायचे असतात.

आता आपला फीडबॅक किती शिळा आहे ते मोजू. पीएलसीच्या अॅनालॉग कार्डांमध्ये ५० हर्ट्झचा गुणगुणाट दाबण्यासाठी २० मिलिसेकंदांचे इंटिग्रेशन अनेकदा कारखान्यातूनच लावलेले येते; त्याची सरासरी शिळाई १० मिलिसेकंद. नवे मूल्य तयार होईपर्यंत आणखी सुमारे तेवढाच काळ. मग १० मिलिसेकंदांच्या टास्कची वाट पाहणे, फील्डबसचा फेरा आणि कंट्रोलरचे स्वतःचे चक्र. सगळे मिळून ३० ते ३५ मिलिसेकंद सहज होतात. ५ हर्ट्झला ३५ मिलिसेकंद म्हणजे ६३ अंश. नव्वदातून त्रेसष्ट गेले, उरले सत्तावीस, आणि व्हॉल्व्ह व इंटिग्रल यांना तेवढे पुरत नाहीत. आपला प्रेस नेमका चार-पाच हर्ट्झलाच का डोलतो, याचे उत्तर बहुधा इतकेच आहे. तेच गणित ३ मिलिसेकंदांत कंट्रोलरपर्यंत पोहोचले तर ५ हर्ट्झला फक्त ५.४ अंश खर्च होतील.

कार्डाची माहितीपुस्तिकाही एकदा पाहा. काही कार्डांत एकच कन्व्हर्टर (विद्युत संकेताचा आकडा करणारा भाग) असतो आणि तो चार चॅनेल एकामागून एक वाचतो. तसे असेल तर आपण ज्या चार दाबांची वजाबाकी करतो ते एकाच क्षणाचे नाहीतच. दाब वेगाने चढत असताना बोअरचा आत्ताचा आणि रॉडचा मघाचा दाब एकत्र करून आलेले बल प्रत्यक्षात कधीच अस्तित्वात नव्हते. एका सेन्सरचा उशीर लूपला फक्त मंद करतो. अनेक सेन्सरांवरून काढलेल्या फीडबॅकमध्ये असा असमान उशीर मूल्यच खोटे करतो.

प्रश्नकर्ता : भोसरीचा_प्रेसवाला

दोघांचेही आभार. सूत्र बदलले. लोडसेल परत करण्याआधी पाच ठिकाणी तपासले. तफावत एका टनाच्या आत आली. टांगलेल्या रॅमवर आता वजन धरून शून्याच्या आसपास आकडा दिसतो.

कार्डात एकच कन्व्हर्टर होता, म्हणून चार स्वतंत्र कन्व्हर्टर असलेले जलद कार्ड घातले आणि इंटिग्रेशन बंद केले. डोलणे बरेच कमी झाले, गेन जवळजवळ दुप्पट करता आला. पण आता ट्रेंडवर एक नवीच तरंगरेषा आली आहे, सेकंदाला सोळा वेळा, रॅम स्थिर असतानासुद्धा. प्रेसवर हात ठेवला तर असे काही जाणवत नाही. टास्क अजून १० मिलिसेकंदांचाच आहे. पंप नऊ पिस्टनचा अॅक्शियल आहे, मोटर १४४० फेऱ्यांची.

उत्तर : नियंत्रण_कट्टा

हात खोटे बोलत नाही. ती रेषा प्रेसमध्ये नाही, आपल्या वाचण्याच्या पद्धतीत आहे.

मोटर मिनिटाला १४४० म्हणजे सेकंदाला २४ फेरे घेते. नऊ पिस्टन म्हणजे सेकंदाला २१६ ठोके, आणि दाबात २१६ हर्ट्झची बारीक लहर असणारच. आपण सेकंदाला १०० वेळा वाचता. दर दोन वाचनांमध्ये पंपाचे दोन पूर्ण ठोके होऊन थोडे उरते, आणि ते उरलेले ट्रेंडवर २१६ वजा २०० म्हणजे १६ हर्ट्झची संथ लाट होऊन दिसते. सिनेमात बैलगाडीचे चाक उलटे फिरताना दिसते, तोच हा प्रकार. आधीचे २० मिलिसेकंदांचे इंटिग्रेशन ही लहर झाकून ठेवत होते, म्हणून आपल्याला ती कधी दिसली नाही.

यावर पीएलसीच्या प्रोग्रॅममध्ये फिल्टर टाकू नका. एकदा २१६ चे १६ झाले की कोणताही फिल्टर त्याला खऱ्या बलापासून वेगळे ओळखू शकत नाही, आणि १६ हर्ट्झ कापायला निघालात की पुन्हा तोच उशीर विकत घ्याल. दोनच मार्ग योग्य आहेत: वाचन जलद करणे, किंवा वाचनाच्या आधी, तारेवरच, लहर कापणे. सेकंदाला हजार वाचने झाली की २१६ हर्ट्झ २१६ म्हणूनच दिसते आणि साधा पहिल्या दर्जाचा फिल्टरही तिला आवरतो.

म्हणूनच गणित पीएलसीच्या सर्वसाधारण टास्कमधून काढून सर्व्हो चक्रात (नियंत्रण लूप ज्यात चालतो त्या जलद फेऱ्यात) नेले पाहिजे. त्याच्या सोयी बहुतेक प्रणालींत आहेत, फक्त नावे वेगळी आहेत. अमेरिकेतील डेल्टा कॉम्प्युटर सिस्टिम्सच्या आरएमसी कंट्रोलरांत 'कस्टम फीडबॅक' नावाचीच सोय आहे. वापरकर्त्याचा प्रोग्रॅम दर लूपला मूल्य काढून अक्षाच्या (नियंत्रित होणाऱ्या एका हालचालीच्या) रजिस्टरमध्ये लिहितो आणि अक्ष ते सेन्सरचेच मोजमाप समजून चालतो. आपल्याकडे ड्राइव्हमुळे परिचित असलेली तैवानची डेल्टा ही वेगळी कंपनी, गल्लत होऊ नये. सीमेन्सच्या एस७-१५०० या पीएलसीमध्ये ओबी ९१ या सर्व्हो ब्लॉकच्या आधी ओबी ६७ चालवता येतो, आणि अक्षाचा एन्कोडर डेटाब्लॉकशी जोडला असेल तर तिथे हिशेब करून ताजे मूल्य त्याच चक्रात देता येते. लिनक्ससीएनसी या यंत्र-नियंत्रणाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तर बेरजेचा घटक आणि गुणक एचएएल (घटकांची जोडणी लिहिण्याच्या) फाइलमध्ये तारेने जोडल्यासारखे जोडता येतात. सर्व्हो थ्रेड सहसा १ मिलिसेकंदाचा असतो. तिथे एक खोच आहे. घटक थ्रेडमध्ये ज्या क्रमाने घातले त्याच क्रमाने चालतात. आधी वाचन, मग गणित, मग नियंत्रक हा क्रम चुकला तर एकही त्रुटी-संदेश न येता फीडबॅक एक चक्र शिळा होतो. ओबी ६७ आणि ९१ यांचा क्रम प्रणालीच ठरवून देते, म्हणून तिथे ही धास्ती कमी.

उत्तर : चाकणचा_कमिशनिंगवाला

सरासरी स्थानाबद्दल कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो.

दोन सिलिंडरांना दोन स्वतंत्र स्थान-अक्ष मानून चालवता येते, पण बल-नियंत्रणाशी त्याचे जमत नाही. एकूण बल ही दोघांची सामाईक गोष्ट आहे. ते कमी पडले तर डाव्याने वाढवायचे की उजव्याने, हे दोन स्वतंत्र अक्षांना ठरवता येत नाही आणि दोघे आपापल्या परीने ओढू लागतात. म्हणून मी दोन गणिती अक्ष करतो. पहिल्याचा फीडबॅक दोन्ही स्केलांची सरासरी, दुसऱ्याचा दोन्ही स्केलांची वजाबाकी, म्हणजे रॅमचा तिरपेपणा. पहिल्या नियंत्रकाचे उत्तर दोन्ही व्हॉल्व्हना सारखे द्यायचे. दुसऱ्याचे एका व्हॉल्व्हमध्ये मिळवायचे आणि दुसऱ्यातून वजा करायचे. टूल टेकल्यावर पहिला अक्ष सरासरी स्थानावरून एकूण बलावर जातो आणि दुसरा अक्ष तिरपेपणा शून्य ठेवत बसतो. त्याला बलाशी काही घेणेदेणे नसते.

यात पहिल्या अक्षाला व्हॉल्व्हची पूर्ण शंभर टक्के उघडझाप देऊ नये. तो शंभरावर असताना मागे पडलेल्या बाजूला आणखी उघडायला जागाच उरत नाही आणि रॅम तिरपा होत जातो. मी नव्वदावर मर्यादा घालतो आणि उरलेले तिरपेपणासाठी राखून ठेवतो. वेग थोडा जातो. पण अडकलेला गाइड सोडवण्यात जाणारा दिवस वाचतो.

टूल मध्यापासून बाजूला असेल तर सरासरीसुद्धा खोटी पडते. आपल्या १२०० मिमी अंतरात टूल डाव्या सिलिंडरपासून ४०० मिमीवर असेल तर टूलच्या जागेचे खरे स्थान डाव्या स्केलचे दोन-तृतीयांश आणि उजव्याचे एक-तृतीयांश मिळून येते. हे गुणक रेसिपीतून द्यावेत, पण टूल टेकलेले असताना बदलू देऊ नयेत. गुणक बदलला की रॅम न हलताही फीडबॅक उडी मारतो, आणि नियंत्रकाला वाटते रॅमच हलला; तो लगेच दुरुस्ती करायला धावतो.

दोन्ही स्केल एकाच क्षणी वाचल्या जातात का, हेही पाहून घ्यावे. जलद उतरताना रॅमचा वेग सेकंदाला १०० मिमी असेल आणि दोन वाचनांत १ मिलिसेकंदाचा फरक असेल, तर सरळ उतरणारा रॅम ०.१ मिमी तिरपा असल्याचे दिसते. वेग बदलला की हा खोटा तिरपेपणाही बदलतो, त्यामुळे ऑफसेटने तो जात नाही. वर जाताना चिन्ह उलटते, त्यावरून तो ओळखता येतो.

उत्तर : तार_आणि_तर्क

वरील सर्व सूचनांशी सहमत आहे. फक्त सेन्सर तुटल्यावर काय होईल, हा प्रश्न अजून कुणी विचारलेला नाही.

एका कारखान्यात वेल्डिंग करणाऱ्या माणसाच्या हातून बोअर ट्रान्समीटरची केबल जळाल्याचे मी पाहिले आहे. प्रवाह शून्य झाला. ४ मिलिअँपिअरला शून्य बार आणि २० ला ४०० बार असे मापन असल्याने गणिताने शून्य मिलिअँपिअरचा अर्थ उणे १०० बार असा लावला. काढलेले बल एकदम कोसळले, बल कमी पडते आहे असे समजून नियंत्रकाने व्हॉल्व्ह पूर्ण उघडला, आणि खरे बल रिलीफ व्हॉल्व्हने (जादा दाब सोडून देणाऱ्या झडपेने) अडवले तिथेच थांबले. टूल गेले, माणूस बाजूला होता. थेट सेन्सर तुटला की कंट्रोलर बहुधा स्वतःच ओळखतो. पण गणिताने काढलेली संख्या त्याच्या दृष्टीने नेहमीच धडधाकट असते. सेन्सरची तब्येत सांगण्याची जबाबदारी म्हणूनच गणित लिहिणाऱ्यावर येते.

नामूर या प्रक्रिया-उद्योगांच्या संघटनेच्या एनई ४३ या शिफारशीप्रमाणे ३.६ मिलिअँपिअर किंवा त्याखाली आणि २१ किंवा त्यावर गेलेला प्रवाह हा दाब नसून बिघाडाची खूण मानावा. चारपैकी एकही प्रवाह या मर्यादांबाहेर गेला तर संपूर्ण काढलेले बल अवैध ठरवावे, लूप उघडावा आणि व्हॉल्व्ह मध्यस्थितीत न्यावेत. शेवटचे चांगले मूल्य धरून ठेवण्याचा मोह टाळावा; गोठलेला फीडबॅक मिळालेला इंटिग्रल शांतपणे वाढत जातो.

दुसरी गोष्ट भागाकाराची. वरच्या उत्तरातील टूलचे गुणक अंतराने भागून काढत असाल आणि नव्या रेसिपीत टूलच्या आणि सिलिंडरांच्या अंतरांचे दोन्ही रकाने रिकामे राहिले, तर शून्य भागिले शून्य होते आणि फ्लोटिंग पॉइंटच्या नियमांप्रमाणे उत्तर 'संख्या नाही' असे येते. ही 'संख्या नाही' कोणत्याही मर्यादेपेक्षा मोठी आहे का असे विचारले तर उत्तर 'नाही', आणि लहान आहे का विचारले तरी 'नाही'. म्हणजे 'स्थान मर्यादेपलीकडे गेले तर थांब' ही अट ती बिनबोभाट ओलांडते. म्हणून अट उलटी लिहावी: काढलेले मूल्य खालच्या आणि वरच्या मर्यादेच्या आत असल्याचे सिद्ध होत असेल तरच चालू राहा, अन्यथा थांब.

कामगाराची सुरक्षा मात्र या गणितावर कधीही सोपवू नये. प्रकाशपडदा, दोन हातांचे बटण आणि रॅम रोखणारे व्हॉल्व्ह यांची साखळी स्वतंत्र असावी. हायड्रॉलिक प्रेससाठी आयएसओ १६०९२-३ मध्ये त्याच्या अपेक्षा दिलेल्या आहेत. रिलीफ व्हॉल्व्हची सेटिंग टूल सोसेल तेवढ्यावरच हवी, कारण त्या दिवशी शेवटी कामाला आला तो एवढाच भाग.

प्रश्नकर्ता : भोसरीचा_प्रेसवाला

गणित सर्व्हो चक्रात हलवले, चक्र १ मिलिसेकंदाचे आहे. सोळा हर्ट्झची लाट नाहीशी झाली. २१६ हर्ट्झची बारीक किनार दिसते, ती तशीच राहू दिली आहे. १०० टनांपर्यंत पोहोचायला आता अर्ध्या सेकंदापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो आणि डोलणे नाही.

सरासरी आणि तिरपेपणाचे दोन अक्ष केले. पहिल्या दिवशी तिरपेपणाचे चिन्ह उलटे लागले होते, त्यामुळे रॅम सरळ व्हायच्या ऐवजी अधिकच कलला. मर्यादा ०.३ मिमीवर ठेवली होती म्हणून लगेच थांबला. इतरांनी प्रथम फक्त तिरपेपणाचा अक्ष, कमी दाबावर, रॅम हवेत ठेवून तपासावा.

काल रॅमखाली लाकडी ठोकळा ठेवून, रिलीफ ६० बारवर उतरवून, चालू बल-नियंत्रणात एकेका ट्रान्समीटरची तार काढून पाहिली. बोअरच्या दोन्ही तारांना व्हॉल्व्ह लगेच मध्यावर आले. रॉडच्या डाव्या तारेला मात्र काहीच झाले नाही, प्रेस दाबतच राहिला. शोधल्यावर कळले की त्या चॅनेलच्या बिघाडाची खूण मी चुकून बोअरच्याच चॅनेलवरून उचलली होती. ती दुरुस्त करून आठही वेळा पुन्हा तपासले, चार तारा काढताना आणि चार परत लावताना. परत लावल्यावर लूप आपोआप सुरू होत नाही, ऑपरेटरने रीसेट दिल्यावरच होतो. ते तसेच ठेवणार आहे.